प्रमेयाची आरती

आमच्या शाळेची सातवीची खोली आणि गावची अंगणवाडी यांच्यामध्ये एकच भिंत. भिंत म्हणायची आपली. पलीकडे एखाद्या पोराला शिंक आली तरी अलीकडे माझी सातवी खिदळते. पेणहून खाडीकडे उतरलं की खारेपाटातली, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली गावं लागतात, त्यातल्या एका गावची ही जिल्हा परिषदेची शाळा. मी तिथं गणित शिकवते. पलीकडची बडबडगीतं, रडारड, खिचडीच्या पातेल्यात फिरणारा डाव, या सगळ्याची मला इतकी सवय झाली होती की ते ऐकूच यायचं नाही. एकदा मात्र फळ्यावर लिहिता लिहिता माझा खडू थांबला. पलीकडे कुणीतरी आरती म्हणत होतं, आणि आरतीचे शब्द होते: ‘पक्षऽऽ, त्रिकोण एबीसी हा कोणताही एक त्रिकोण आहेऽऽ. साध्यऽऽ, कोन ए अधिक कोन बी अधिक कोन सी बरोबर एकशे ऐंशी अंशऽऽ.’

अगं बाई! ही तर आमच्या सरांची चाल.

माझं माहेर रोह्याचं. तिथल्या हायस्कूलमध्ये आम्हाला भूमितीला एक सर होते. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी पुस्तकातल्या एकूण एक प्रमेयाला आरतीची चाल लावली होती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, अशी चार कडवी, आणि प्रत्येक कडव्याला टाळ्या. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. एकदा म्हणे रस्त्याने जाणाऱ्या एका आजीबाईंनी शाळेकडे बघून हात जोडले होते, आज कुठला सण आहे ते मनात आठवत. खरं-खोटं देव जाणे, पण आम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगायचो. सर आमचे लाडके होते. त्यांच्या तासाला कुणी दांडी मारत नसे आणि प्रमेय पाठ नाही असं पोर वर्गात सापडत नसे.

वर्ग मॉनिटरच्या हवाली करून मी पलीकडे गेले. बघते तर अंगणवाडीची मदतनीस. म्हणजे पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं, झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, शी-शू काढायची, हे सगळं करणारी बाई. डावाने खिचडी हलवत, तालात मान डोलवत ती प्रमेय म्हणत होती आणि चार-पाच चिमुरडी टाळ्या वाजवत होती. मला दारात बघून तिचा डाव हातातच राहिला.

‘सॉरी बाई, आवाज मोठा झाला काय?’

‘आवाजाचं राहू दे गो. हे तुला कुणी शिकवलं?’

तर बाईसाहेब माझ्याच शाळेच्या निघाल्या. रोह्याच्या आतल्या अंगाला भात-वाल पिकवणारं एक गाव, ते तिचं माहेर. रोज चालत शाळेत यायची. माझ्या बऱ्याच वर्षांनी ती त्याच सरांच्या हाताखाली शिकली, दहावीला गणितात नापास झाली, लग्न होऊन इकडे खाडीकाठी आली. एवढी वर्षं उलटली, दोन पोरं मोठी झाली, तरी ते प्रमेय तिच्या तोंडात जसंच्या तसं होतं. ‘आधणात तांदूळ टाकला ना बाई, की आपसूक येतं,’ ती म्हणाली. मला इतकं हसू आलं की मी तिथंच पोरांत बसकण मारली.

हसता हसता गोष्ट कळली ती मात्र हसण्यासारखी नव्हती. अंगणवाडीची सेविका पुढच्या पावसाळ्याआधी निवृत्त होणार होती. तेव्हा सेविकेला दहावी चालायची, आणि मदतनीस दहावी पास असेल तर त्या जागेवर आधी तिचा हक्क असायचा. नसेल तर जागा भरतीला जाणार, बाहेरची कुणी नवखी मुलगी खुर्चीवर येऊन बसणार, आणि हिने तिला ‘ताई’ म्हणत जन्मभर पातेली घासायची. सेविका मीटिंगांना आणि सर्व्हेला गेली की अख्खी अंगणवाडी हीच चालवायची, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. गाणी तिची, गोष्टी तिच्या, पोरं तिच्या पदराला लटकलेली. फक्त कागद नव्हता.

‘मग बस की परीक्षेला बाहेरून,’ मी म्हटलं.

‘बसायचंच हाय. बाकीचे विषय काढीन कसेतरी. बीजगणित पण बघीन. ती भूमिती बोलले ना, की पुस्तकच मिटून ठेवते.’

माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. ‘मी शिकवते तुला,’ म्हणून मोकळी झाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘आ बैल मुझे मार. स्वतःच्या पेपर तपासणीला वेळ नाही तुला.’ मी त्याला म्हटलं, तू तुझं बघ.

शाळा सुटली की आम्ही अंगणवाडीतच बसायचो. तिचा नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता, त्याची शिफ्ट असेल तसं घरचं आवरून ती यायची. पहिल्या दिवशी मी तिला पाटीवर त्रिकोण काढून दिला. मुद्दामच टोक खाली केलं आणि नावं दिली पी, क्यू, आर. म्हटलं, म्हण तुझं प्रमेय.

ती नुसती बघत राहिली. ‘बाई, हा उलटा हाय.’

‘असू दे. म्हण.’

‘पण ह्याच्यात ए कुठाय?’

मी नावं पुसून ए, बी, सी लिहिली. ‘आता?’

‘आता ए खाली गेला. ए वर पायजे ना.’

मी चिडून पाटीच उलटी केली. ए वर आला. आणि बघता बघता तिने पक्षापासून सिद्धतेपर्यंत अख्खं प्रमेय एका दमात म्हणून दाखवलं, कुठं चूक नाही, अडखळणं नाही, टाळ्यांसकट. मी मध्येच अडवलं, ‘थांब. आत्ता कोन बी कुणाएवढा म्हणालीस? आणि का?’ ती थांबली. ओठ हलले. मग पुन्हा पहिल्यापासून, ‘पक्षऽऽ...’

‘अगं, मधलं विचारलंय मी!’

‘आरती मधूनच कशी सुरू करणार बाई?’

‘गो, तो त्रिकोण आहे, देव्हाऱ्यातला देव नाही,’ मी ओरडलेच. ‘उलटा ठेवला तर कोपणार नाही तुझ्यावर!’ तीही हसली, मीही हसले. पण मला कळायचं ते कळलं. या बाईला प्रमेय येत होतं आणि भूमिती अजिबात येत नव्हती. हे असं असू शकतं, हे मी तोवर कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

मग मी तिला हळूहळू वळवायला लागले. आज त्रिकोण आडवा, उद्या तिरका, परवा लांबुडका. चाल बंद, टाळ्या बंद. तिला फार जड गेलं. चाल काढून घेतली की ती अगदी मुकी व्हायची. एक दिवस पाटी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, ‘बाई, एक विचारू? रागावणार नाय ना?’

‘विचार की.’

‘त्या वरच्या टोकातून आपण समांतर रेघ काढतो, ती कशाला काढायची?’

‘कशाला म्हणजे? ती रचना आहे. तिच्याशिवाय व्युत्क्रम कोन कसे दाखवणार?’

‘व्हय, ते हाय. पण पहिल्यांदा ज्यानं काढली, त्याच्या मनात कसं आलं ते? म्हणजे, खाली त्रिकोण हाय, आणि हा माणूस वर रेघ मारतोय.’

मला रेषा काढता येत होती, कोन सारखे का तेही सांगता येत होतं. ती रेषा तिथं आलीच कशासाठी, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. ‘उद्या सांगते,’ म्हणून मी पिशवी उचलली. घरी भाकऱ्या थापतानाही डोक्यात तेच. एक भाकरी करपली, तीच नवऱ्याने आपल्या ताटात घेतली, शहाणा आहे.

दुसऱ्या दिवशी सातवीला नेमकं त्रिकोणाचे कोन होते. यात एक कृती असते, दरवर्षी करून घेते मी. कागदाचा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी मांडायचे. खाली सरळ रेघ तयार होते. सरळ रेघ म्हणजे एकशे ऐंशी. पोरं ते वहीत चिकटवतात, मी सही करते, झालं. त्या दिवशी पोरांना दाखवताना मी वरचा कोपरा फाडलाच नाही. आळस म्हणा. तो होता तिथं ठेवला आणि खालचे दोन फाडून त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला नेऊन लावले. आणि लावता लावता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. वर, टोकाला, कागदाच्या कडांची एक सरळ रेघ झाली होती, खालच्या बाजूला समांतर. अहो, हीच ती रेघ! खालचे कोपरे वर आणले तर ते जिथं बसतील तिथं ती काढायची. कागद न फाडता कोपरे वर नेण्याची ती युक्ती होती. कृती सातवीच्या पुस्तकात, प्रमेय पुढच्या वर्गाच्या पुस्तकात, आणि दोन्ही मला तोंडपाठ. दोघांची गाठ मात्र कधी पडली नव्हती.

मुठीत ते कपटे धरून मी धावत पलीकडे गेले. पोरांना वाटलं बाईंना विंचू चावला. मदतनीस भांडी घासत होती, तिला तसंच ओल्या हातांनी खाली बसवलं आणि फरशीवर तिच्यासमोर त्रिकोण मांडला. खालचे कोपरे उचलले आणि वर नेऊन लावले.

तिने ते पाहिलं. एक कोपरा उचलून खाली नेला, परत वर आणला. मग दुसरा. ‘हां!’ म्हणाली आणि इतकी खळखळून हसली, की पोरंसुद्धा कारण नसताना हसायला लागली. नंतर पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘म्हंजे मी विचारलं ते येडं नव्हतं ना बाई?’

‘येडं कसलं? उलट मलाच ते कधी सुचलं नव्हतं.’

ती असं का म्हणाली ते मला तेव्हा कळलं नाही. मी माझ्याच आनंदात होते.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. ती प्रत्येक प्रमेयाला ‘हे कशाला’ विचारायला लागली आणि मला घरून तयारी करून यावं लागायला लागलं. माझी सातवीही बदलली. कोपरे चिकटवून घेऊन मी आता थांबत नव्हते, विचारत होते. एका पोराने अख्ख्या वर्तमानपत्राचा त्रिकोण कापला होता. त्याला खात्री होती की त्याचा एवढा मोठा, त्याचे कोन जास्त भरणार. तीन कोपरे लावल्यावर त्याचीही सरळ रेघच आली, तर त्याला ते पटेना. त्याने माझ्याकडून नवीन कागद मागून घेतला आणि हातावर मावेल एवढा लहान त्रिकोण कापून पुन्हा बघितलं. एरवी मी म्हटलं असतं, ‘सगळ्यांचे सारखेच येतात रे, लिही पुढे.’ त्या दिवशी मी त्याला हवे तेवढे कागद दिले. तास संपला, पुढचं काही झालं नाही, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

थंडी सुरू झाली, परीक्षा जवळ आली, आणि एका संध्याकाळी ही बया म्हणते, ‘बाई, मी बसत नाय परीक्षेला.’

मी पडायचीच बाकी होते. ‘का? काय झालं?’

‘नाय जमायचं. तुमच्यासमोर येतं. तिथं पेपर बघितला की सगळं जाईल.’

‘जाईल कसं? आता तुला पाठ नाहीये, समजलंय. समजलेलं कुठं जात नाही.’

‘माझं डोकंच नाय त्यातलं,’ ती म्हणाली. ‘सरांनी तेव्हाच सांगितलं होतं.’

मग हळूहळू बाहेर आलं. नववीत असताना तिने वर्गात उभं राहून हाच प्रश्न विचारला होता. सर, ही रेघ कशाला काढायची? सर म्हणाले, ‘बस खाली. पुस्तकापेक्षा जास्त अक्कल आलीय का तुला?’ सगळा वर्ग हसला. ‘मग मी बसले,’ ती म्हणाली. ‘परत नाय कधी उठले.’

मला आधी तिचाच राग आला. आमचे सर असं बोलणं शक्य नाही! ते तर पोरांना स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालायचे. पण ती खोटं बोलत नव्हती, तिच्या तोंडाकडे बघितलं की कळत होतं. मग मला सरांचा राग आला, असा आला की कानशिलं तापली. एवढीशी पोर, एवढा चांगला प्रश्न, आणि म्हणे बस खाली! ‘चल,’ मी म्हटलं, ‘रविवारी रोह्याला जायचं. त्यांनाच विचारू.’ ती नको नको म्हणत होती. मी ऐकणाऱ्यातली नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. तिने पेणचे पोह्याचे पापड घेतले होते, गुरूकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती खिडकीबाहेर बघत होती. कासू स्टेशन गेल्यावर म्हणाली, ‘बाई, अजून उतरून परत जाता येईल.’ मी म्हटलं, गप्प बस.

सरांचं घर कुंडलिका नदीच्या पलीकडे. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, केस पार पांढरे, अंग होतं त्याहून बारीक. आवाज मात्र तोच. मला बघून इतके हरखले, की माझा अर्धा राग उंबऱ्यातच उतरला. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आग्रह करकरून वाढलं. त्यांनी तिला ओळखलं नाही. ‘माझीच विद्यार्थिनी ना? चेहरा ओळखीचा वाटतो,’ असं सगळ्यांना म्हणतात तसं म्हणाले. ती खाली मान घालून जेवत होती. हात धुतल्यावर मात्र मला राहवलं नाही.

‘सर,’ मी म्हटलं, ‘एकशे ऐंशी अंशांच्या प्रमेयात ती समांतर रेषा काढतात, ती कशाला?’

‘अगं, कशाला म्हणजे?’ सर हसले. त्यांचा हात आपोआप वर गेला, टाळीच्या तयारीत. ‘रचनाऽऽ, बिंदू ए मधून बाजू बीसीला...’ आणि तिथंच थांबले. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. हात खाली आला.

मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मी भांडायच्या तयारीने आले होते.

‘मी भूगोलाचा माणूस गो,’ सर म्हणाले. ‘शाळेत गणिताला कुणी मिळेना. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही नवीन आहात, तुम्ही घ्या. मी आदल्या दिवशी पाठ करायचो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणायचो. मध्येच विसरलो तर पोरांसमोर काय करू, अशी भीती वाटायची. म्हणून चाल लावली. तुम्हाला वाटत आलं सरांनी आपल्यासाठी लावली. तुमच्यासाठी नव्हती. माझ्यासाठी होती.’

‘आणि कुणी मधलंच काही विचारलं तर?’ हे मी नव्हे, तिने विचारलं. आल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

सरांनी तिच्याकडे नीट बघितलं. ‘तुला मी काय म्हणालो होतो?’

‘बस खाली बोलले होते.’

सरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते फार म्हातारे दिसत होते. ‘तुला येत नव्हतं असं नाय गो,’ ते म्हणाले. ‘मला येत नव्हतं.’

ज्यांच्याशी भांडायला आले होते त्यांच्यासाठीच माझा जीव तुटत होता. रोज सकाळी वर्गासमोर उभं राहायचं, आणि आत भीती की कुणी हात वर करेल. एवढी वर्षं! त्यांना तरी कुणी शिकवलं होतं? त्यांनी तरी कुणाला विचारायचं होतं?

तिने काय केलं, तर टीपॉयवरचा जुना पेपर ओढला, एक त्रिकोण फाडला, कात्री-बित्री काही नाही, आणि सरांच्या पुढ्यात सतरंजीवर बसली. खालचे दोन कोपरे काढले आणि वर नेऊन लावले. ‘ही बघा रेघ सर,’ म्हणाली. ‘बाईंनी दाखवली मला.’ सर चष्मा लावून वाकले. त्यांनीही एक कोपरा खाली नेला, वर आणला, अगदी तिने पहिल्यांदा केलं होतं तसंच.

‘एवढंच होतं होय?’ सर म्हणाले. ‘अरे देवा. एवढंच होतं.’

परतीच्या गाडीत ती पुन्हा खिडकीशी बसली. नागोठणं आलं तेव्हा मला विचारलं, ‘बाई, सर ते माझ्या समाधानासाठी तर नाय बोलले?’ मी म्हटलं, ‘तू त्यांचा चेहरा बघितलास ना?’ ‘बघितला,’ ती म्हणाली. मग पिशवीतून वही काढली आणि वर्तुळाचं प्रमेय वाचायला घेतलं. परीक्षेला बसणार की नाही, हे मी पुन्हा विचारलं नाही.

बसली. भूमितीच्या पेपराला मी अर्धी रजा टाकून पेणच्या केंद्राबाहेर उभी होते. ती बाहेर आली ती हसतच. म्हणे प्रमेयाचा त्रिकोण आडवा पडलेला, टोक डावीकडे, अक्षरं भलतीच. तिने प्रश्नपत्रिका फिरवून बघितली, पुन्हा फिरवली, तर सुपरवायझर येऊन म्हणाला, काय चाललंय? ‘त्रिकोण सरळ करतेय बोलले,’ ती म्हणाली, ‘तर तो पण हसला.’

‘आणि सिद्धता? पुस्तकातल्यासारखी लिहिलीस ना?’

‘पुस्तकातली मध्ये विसरले. मग माझ्या डोक्यानं लिहिली. हे असं हाय म्हणून ते तसं हाय, असं.’

माझं धाबं दणाणलं. ‘अगं, वेडी का तू! पुस्तकातलं लिहायचं असतं परीक्षेत!’ मी भर रस्त्यात ओरडले. इतके महिने मीच तिला समजून घे, समजून घे म्हणून डोकं खात होते, आणि आता मीच असं बोलत होते. पण मला तपासणाऱ्याची भीती वाटत होती. तो कुणीतरी माझ्यासारखाच शिक्षक असणार, समोर गठ्ठा, हातात उत्तराचा नमुना. ओळीला ओळ जुळते का एवढंच बघणारा निघाला तर? ज्याला प्रमेयातली रेघ कशाला काढतात ते ठाऊक असेल त्यालाच हिची सिद्धता बरोबर आहे हे कळणार होतं. निकालापर्यंत मी त्या अनोळखी माणसासाठी देवाला हात जोडत होते, की बाबा, तुला नीट शिकवलेलं असू दे.

पास झाली. काठावर नाही, चांगली ऐसपैस. निकाल माझ्या मोबाईलवर बघितला, आणि आम्ही दोघी शाळेच्या व्हरांड्यात एकमेकींना धरून अशा रडलो, की सातवीची पोरं बाहेर येऊन विचारायला लागली, बाई, कोण गेलं? पुढे भर पावसाळ्यात सेविकेच्या जागेची ऑर्डर तिच्या हातात पडली. नवऱ्याने कंपनीतल्या लोकांना पेढे वाटले. एक डबा तिने बाजूला काढला. ‘हा रोह्याचा,’ म्हणाली.

आम्ही रोह्याला पोचलो तेव्हा सर ओटीवरच बसले होते. तिने वाकून नमस्कार केला, डबा उघडून पुढे केला आणि म्हणाली, ‘सर, मी सेविका झाले.’ सरांनी पेढा घेतला, पण तोंडाशी नेला नाही. पुष्कळ आनंद झाला म्हणाले, दोनदा म्हणाले. मग तो पेढा तसाच बोटांत धरून बसले.

‘तुला मी खाली बसवलं,’ ते तिला म्हणाले, ‘तू उठलीस. पण तुझ्यासारखं एखादं पोर वर्गावर्गाला असायचंच गो. मला आता आठवतात. नावं नाय आठवत, उभी राहिलेली आठवतात. ती सगळी कुठं असतील?’

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. असं काही नसतं सर, तुम्ही किती जणांना घडवलंत, वगैरे. सगळं ओठांवर आलं होतं आणि त्यातलं एकही खरं वाटत नव्हतं.

‘मला नाय ठाऊक सर,’ ती म्हणाली.

मग त्यांच्या बोटांतला पेढा तिने हलकेच काढून घेतला, त्यांच्या शेजारी ओटीवर बसली, पेढा त्यांच्या तोंडाशी धरला आणि अंगणवाडीतल्या पोरांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, ‘आ करा बघू.’

सरांनी आ केला.